दोघं मावतील अशी कमान

"कुजतं का हे?" आबांनी विचारलं.

दुकानदार हसला. "काका, कुजायला यात आहेच काय? विनाइल आहे. ऊन, पाऊस, वाळवी, कशाचं म्हणून भ्या न्हाई. तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण ही कमान अशीच पांढरीफेक राहील."

"रंग उडतो?"

"रंग दिलेलाच न्हाई, तर उडंल कुठनं? आतबाहेर एकच."

आबांनी कमानीच्या खांबावर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. पोकळ आवाज आला. त्यांनी कान लावून पुन्हा वाजवलं. माझे सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आणि निवृत्त झाले तरी त्यांच्यातला ओव्हरसियर काही निवृत्त झाला नव्हता. बाजारात नारळ घेतानाही ते माल तपासल्यासारखे घ्यायचे.

कोल्हापूरचं ते बागेच्या सामानाचं दुकान म्हणजे नुसती जत्रा होती. प्लास्टिकचे बगळे, सिमेंटचे बुटके, हंड्यातून पाणी ओतणारी बाई. आम्ही गडहिंग्लजहून पहिल्या एस.टी.नं आलो होतो आणि आबांनी सकाळपासून दुकानदाराला नुसतं भंडावून सोडलं होतं. लोखंडाची कमान बघितली, ती गंजेल म्हणून नको. सागवानी बघितली. तिच्यावर त्यांनी मायेनं हातही फिरवला, पण "लाकडावर दिवस दिसतात" एवढंच म्हणून बाजूला झाले. मला तेव्हा ते बोलणं नीट कळलं नाही. म्हातारपणी माणसं काहीतरी बोलतात, असं मनात म्हणून मी सोडून दिलं.

"रुंदीला किती?" आबा म्हणाले.

"माणूस आरामात जातोय की."

"एक माणूस नको. दोघं जोडीनं गेली पाहिजेत. धैर्यशील, इकडं ये. शालन, तूही ये. जा बघू दोघं खालनं."

माझ्या नवऱ्याचं नाव धैर्यशील. नाव ठेवताना आबांनी फार अपेक्षा ठेवल्या असाव्यात, पण ते सगळं धैर्य आबांसमोर उभं राहिलं की चपलेसारखं दाराबाहेर राहायचं. तो मुकाट्यानं येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर, लग्नाला बारा वर्षं झालेलं आमचं जोडपं त्या कमानीखालून गेलं. माझा खांदा खांबाला घासला.

"नाही चालणार," आबा म्हणाले. "पदर अडकतोय. हिच्या पुढचं माप दाखवा."

पुढच्या मापाखालूनही आम्हाला दोनदा जायला लावलं. दुसऱ्या वेळी आबा म्हणाले, "शालन, हातात ओटी आहे असं समज. कोपर जरा बाहेर घे." मी कोपरं बाहेर काढून चालले. बगळ्यांपाशी उभी असलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आवरत नव्हतं. पण आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ते आमच्याकडे बघतच नव्हते. आमच्या जागी त्यांना दुसरंच जोडपं दिसत होतं.

ते जोडपं म्हणजे माझी नणंद वैजयंता आणि तिचा नवरा.

वैजूचं लग्न होऊन दीड वर्ष लोटलं होतं आणि लग्नाच्या दिवशी निपाणीला गेलेली पोर अजून एकदाही माहेरी आली नव्हती. कारण ऐकाल तर हसाल. मानपानाच्या वेळी नवरदेवाच्या थोरल्या चुलत्यांना बांधलेल्या फेट्याला तुरा नव्हता. बाकी सगळ्यांच्या फेट्यांना होता, नेमका त्यांचाच गळून कुठंतरी पडला होता. चुलते पंगतीतून उठले. जाताना आबांना म्हणाले, "मांडवपरतणीची वाट बघू नका."

आमच्याकडे लग्नानंतर नवरा-नवरी जोडीनं माहेरी येतात, मांडवाखालून घरात जातात, गोडाधोडाचं जेवतात. ती मांडवपरतणी. ती झाल्यावर मगच मांडव उतरवायचा, त्याआधी नाही. बहुतेक ठिकाणी लग्न कार्यालयात होतं आणि हे सगळं दोन दिवसांत उरकतं. पण वैजू बिनआईची. तिच्या लग्नात कुठलीच रीत कमी पडू नये म्हणून आबांनी दारातच मांडव घातला होता, स्वतः मुहूर्तमेढ रोवली होती, तिला उंबराची डहाळी बांधली होती. झालं असं, की वैजू आली नाही आणि मांडव राहिला.

मांडववाला पंधरा दिवस थांबला आणि कापड, झालर, खुर्च्या घेऊन गेला. चार बांबू आबांनी त्याच्याकडून ठेवून घेतले. दोन पावसाळे ते बांबू आमच्या दारात उभे होते. काळे पडले, भुगा गळू लागला. गल्लीतली माणसं आधी हळहळली, मग थट्टा करायला लागली. "नलवड्यांच्यात अजून लगीन चालू हाय वाटतं," असं कुणीतरी म्हणालं ते आबांच्या कानावर गेलं. ते आधीच आंब्याची पेटी घेऊन निपाणीला जाऊन आले होते, हात जोडून आले होते. तिथं त्यांना चहा मिळाला, पण वैजूला बाहेर येऊ दिलं नव्हतं. अधूनमधून तिचा फोन यायचा. "बरी आहे" एवढंच बोलायची आणि मागं कुणाची चाहूल लागली की ठेवून द्यायची.

दुसऱ्या पावसाळ्यात एक बांबू मोडून पडला. मोडला त्या सकाळी आबा अंघोळही न करता नुसते त्याच्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कोल्हापूरला जायचंय. न कुजणारं काहीतरी आणू." म्हणून ही कमान.

गल्लीत मात्र आम्ही बाग करतोय असं पसरलं. शेजारच्या कुंभारकाकू येऊन विचारून गेल्या, "जाई सोडणार की मधुमालती?"

"वेल नाही सोडायचा," आबा म्हणाले. "वेल चढला की कमान रस्त्यावरनं दिसत नाही."

कमान बसवायला दुकानाचा माणूस आला. तानाजी नाव त्याचं. बोलायला भारी आणि कामाला यथातथाच. खड्डे घेऊन, पाइप उभे करून, त्यावर पोकळ खांब बसवायचे, एवढंच काम. पण त्यानं पहिला पाइप उभा केला तो आबांच्या ओळंब्याला सरळ उतरला नाही. दुसऱ्यांदाही उतरला नाही. शेवटी आबांनी धोतर खोचलं आणि स्वतः खड्ड्यात उतरले. वाळू चाळून घेतली, खडी धुऊन घेतली, घमेल्यात माल कालवला. खाली वाकताना त्यांच्या तोंडातून कण्हणं यायचं, पण चेहरा असा होता, जसा धरणावर काम चालू असताना असेल. त्या दिवसांत मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं.

उरलेले बांबू धैर्यशीलनं उपटायला घेतले. मुहूर्तमेढीच्या बांबूला हात लावला तसे आबा ओरडले, "तो नको! तो मी काढतो."

त्या बांबूला अजून उंबराची डहाळी होती. पानं केव्हाच झडली होती, नुसती वाळकी काटकी आणि तिच्यावर हळदीच्या दोऱ्याचा काळा पडलेला वेढा. आबांनी ती काटकी सोडवली आणि उपरण्याला पुसली. मग कमानीच्या उजव्या खांबाचं वरचं टोपण काढलं आणि ती काटकी त्या पोकळ खांबात हळूच आत सोडली. खाली टेकल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी टोपण ठोकून बसवलं.

"काय टाकलं म्हणायचं?" तानाजीनं विचारलं.

"मांडव मोडला नाही," आबा म्हणाले. ते तानाजीला नव्हे, मला सांगत होते. "फक्त खांब बदलले. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

तेव्हा मला त्यांचं दुकानातलं बोलणं उमगलं. लाकडावर दिवस दिसतात. बांबू काळा पडतो, झिजतो, दीड वर्ष झालं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहतो. या पांढऱ्या कमानीवर दिवस दिसणार नव्हते. वैजू उद्या आली काय, दहा वर्षांनी आली काय, मांडव कालच घातल्यासारखा दिसणार होता. मी आत जाऊन चहा टाकला, दुसरं काय करणार.

चहा घेऊन तानाजी गेला. ऊन उतरायला लागलं होतं. आबा खांबांच्या बुडाला ओली पोती गुंडाळत होते. मी कपबशा उचलत होते आणि रिक्षा थांबली.

वैजू उतरली. एकटी. खांद्याला एक कापडी पिशवी.

मला क्षणभर ओळखूच आली नाही. भरल्या अंगाची पोर होती ती, हसली की गाल वर चढायचे. आता गाल नव्हतेच. केस कपाळावरून विरळ झालेले. आणि हातात एकही बांगडी नव्हती. दोन्ही हात नुसते, उघडे. हे आबांना दिसलं नसेल असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना सळईतला अर्ध्या सुताचाही फरक दिसायचा.

"आबा," ती म्हणाली. "मी आलेय."

आबा पोतं हातात धरून उठले. त्यांचं तोंड आधी नुसतं फुलून आलं. मग त्यांनी तिच्या मागं पाहिलं. रिक्षा वळून जात होती, आत कुणी नव्हतं.

"जावईबापू?"

"नाही आले."

"मागनं येतायत?"

"नाही, आबा. मी एकटीच आलेय. राहायला."

ती पुढं आली. कमानीपाशी पोचली तसा आबांनी हात वर केला. "थांब. तिथंच थांब. सिमेंट ओलं आहे."

वैजू थांबली. तिनं वर पाहिलं, त्या पांढऱ्या कमानीकडे, आणि तिला काही कळेना.

"आबा, तिला आत तरी घ्या आधी," मी म्हणाले. "वैजू, मागच्या दारानं ये. चल, मी येते."

"मागच्या दारानं?" आबा माझ्यावर कडाडले. "माझी लेक चोरासारखी मागच्या दारानं येणार? दीड वर्ष मांडव कुणासाठी ठेवलाय मी? वैजू, ऐक. हा तुझाच मांडव आहे. रीत व्हायची आहे अजून. एकदा जोडीनं या, याखालनं आत या, मग बारा महिने इथं राहा, तुला कोण बोलणार नाही. पण अशी एकटी, संध्याकाळच्या वेळी, पिशवी घेऊन... लोक काय म्हणतील, बाळ? कायमची सोडून आली म्हणतील."

"कायमचीच सोडून आलेय मी."

"असं बोलायचं नाही."

"आबा, ते यायचे नाहीत. मला तिथं..." तिनं पुढचं काही सांगितलं नाही. आबांनीही विचारलं नाही.

"येतील," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. लहानपणी तिला शाळेत धाडताना असाच होत असेल. "चार दिवसांत सिमेंट वाळतं. मी फोन करतो त्यांना. पुन्हा जातो, त्या चुलत्यांच्या पाया पडतो. तू आज जा, बाळ. चार दिवस. माझं ऐक एवढं."

मी कमानीच्या बाजूनं, कुंपणाच्या तारेतून वाकून बाहेर गेले. माझा पदर फाटला. तिचा हात धरला. थंडगार होता. "आबा, ही कुठं जाणार नाही," मी म्हणाले. "मी माझ्या खोलीत ठेवते. कुणाला दिसणार नाही."

"शालन," आबा म्हणाले, "तू यात पडू नकोस." आणि धैर्यशीलकडे वळून, "स्कूटर काढ. निपाणीची शेवटची गाडी मिळेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो स्कूटर काढायला गेला.

मी आत धावत जाऊन पाणी आणलं. वैजू रस्त्यावर उभी राहून सगळा तांब्या प्यायली. मग पुढं होऊन तिनं कमानीच्या खांबाला हात लावला, बाहेरच्या बाजूनं, आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. अगदी बापासारखं.

"आतनं पोकळ आहे की वहिनी," ती म्हणाली.

"वैजू, जाऊ नकोस," मी म्हणाले.

तिनं माझ्या गालाला हात लावला. मग स्कूटरवर बसली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी उभी होते, तिनं मागं वळून पाहिलं नाही. आबा पोत्यांवर पाणी मारत होते.

त्यांनी त्याच संध्याकाळी निपाणीला फोन लावला. तिच्या सासूनं उचलला आणि "तुमच्या मुलीबद्दल आम्हाला काही बोलायचं नाही" म्हणून आपटला. आबा म्हणाले, "रागात आहेत. पण पोर पोचली म्हणजे झालं." धैर्यशील म्हणाला, खिडकीशी बसवून आलोय, गाडी सुटेपर्यंत थांबलो होतो. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर पुढंही फारसं बोलले नाही.

पुढचे दिवस आबा सकाळ-दुपार-संध्याकाळ सिमेंटला पाणी मारायचे. पोती काढून नखानं टोकरून बघायचे. चौथ्या दिवशी त्यांनी पोती कायमची काढली, कमानीला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं, मला पुरण शिजवायला सांगितलं. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "तू शिजव."

आणि खरंच, बाराच्या सुमाराला जावई आला.

आबा ओसरीवर होते. रस्त्यावर जावयाला बघताच ते ताडकन उठले. मला हाक मारली, "शालन! ओवाळायला आण! भाकरीचा तुकडा, पाणी!" मीही धावले. देव पावला, असं मला वाटलं. म्हाताऱ्याचं खरं झालं, असंही वाटलं. जावई कमानीखालून आत आला. खाली मान, शर्टाला इस्त्री नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा मोकळी राहिली.

आबा त्याच्या मागं बघत होते. "वैजू? मागं आहे का? थांबा, तुम्ही असे पुढं येऊ नका, जोडीनं यायचं असतं. तिला येऊ दे."

जावयानं मान वर केली. "मामा," तो म्हणाला, "मी तिलाच न्यायला आलोय. झालं गेलं ते सोडा. चुलत्यांना मी समजावलंय. तिला बोलवा बाहेर."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"ती निपाणीला आहे," आबा म्हणाले.

"नाही. ती चार दिवसांपूर्वी दुपारी घर सोडून इकडं आली. आम्हाला वाटलं, इथंच आहे."

आबांनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा धैर्यशीलकडे. मग ते हळूहळू जाऊन कमानीच्या उजव्या खांबाला टेकून उभे राहिले. घट्ट बसलेला होता तो खांब. जराही हलला नाही.

पोलिसांत गेलो, पेपरात फोटो दिला, सगळे पाहुणेरावळे पालथे घातले. त्या दिवशीच्या गाडीच्या कंडक्टरला एवढंच आठवत होतं, की पिशवीवाली एक बाई संकेश्वरला उतरली. तिकीट निपाणीचं होतं, म्हणून लक्षात राहिली. त्यापुढं काही नाही. संकेश्वरला हमरस्ता आहे, तिथून माणूस कुठंही जातं. जावयानं तीन वर्षांनी दुसरं लग्न केलं. त्याला मी नावं ठेवली नाहीत, ठेवून काय होणार होतं.

दुकानदार मात्र खोटं बोलला नव्हता. आज वीस वर्षं होत आली, कमान जशीच्या तशी आहे. ना कुजली, ना पिवळी पडली. नवीन माणसं विचारतात, एवढी छान कमान आहे, वेल का सोडत नाही?

आबा आता अंथरुणाला आहेत. खाट ओसरीवर लावली आहे, तिथून कमान दिसते. बऱ्याच गोष्टी ते विसरलेत. सासूबाईंचं नाव विसरलेत, धैर्यशीलला कधी कधी तानाजी म्हणतात. पण दिवसातून एकदा तरी मला हाक मारतात आणि विचारतात, "शालन, सिमेंट वाळलं का गं?"

आधी मी खरं सांगायची. म्हणायची, वाळलं आबा, केव्हाच वाळलं. मग ते उशीवरून मान उचलून रस्त्याकडे बघत राहायचे. एवढ्यात येईल, म्हणायचे. दिवसभर अन्नाला शिवायचे नाहीत, आणि अंधार पडला की लहान मुलासारखे रडायचे.

म्हणून आता मी सांगते, "नाही आबा, अजून ओलं आहे."

"असं होय," ते म्हणतात आणि मान खाली टेकतात. "मग पाणी मार त्याला."

मी तांब्या भरून घेते, बाहेर जाते आणि दोन्ही खांबांच्या बुडाशी पाणी ओतते.